खडखड्या

तांपेरेत नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
यार्मो तेव्हाच दुकानात शिरला,
बुटांचा बर्फ काउंटरपाशी झटकत. पन्नाशीचा गडी.
ग्राफिक्स कार्ड नको, म्हणाला, आहे तेच चालेल,
गेममधले रणगाडे पळतात त्यावर बऱ्यापैकी.
मला शांतता पाहिजे.

शांतता विकायची तर तिचे सुटे भाग करावे लागतात:
मोठ्या पात्यांचा, सावकाश फिरणारा पंखा,
रबरी पाचरी,
घरघरणाऱ्या डिस्कच्या जागी बोटाएवढी मुकी पट्टी,
आणि कीबोर्ड, ज्याच्या कळा
साईत बोट बुडावं तशा दबतात.
एकशे चौऱ्याऐंशी युरो. वरचे चार मी सोडले.
जुना खडखड्या ठेवून घेतला,
एका कळीवरचं अक्षर पार झिजलेलं.

आई पलीकडे झोपते, एवढंच बोलला होता.

आठवड्याने परत. डोळे तारवटलेले.
पंखा झकास, डिस्क झकास,
पण ओनेर्वा, म्हणजे आई, रात्री तीनतीनदा उठते,
दार ढकलून बघते, मी आहे की गेलो.
एकतीस वर्षं मागावर होती गिरणीत.
धोटा थांबला म्हणजे काहीतरी तुटलं,
हे हाडांत बसलंय तिच्या.

जुना कीबोर्ड मी अजून पुसलाही नव्हता,
फटींत काळ्या पावाचा चुरा तसाच.
पैसे राहू दे, म्हटलं.
त्यानं उभ्याउभ्या चार कळा दाबल्या,
मान तिरकी करून ऐकल्या,
परत दाबल्या.

मग जरा ओशाळून विचारलं,
याहून मोठ्यानं वाजणारा
आहे का एखादा?