बोळा

लामाराबाईंचा जुना गीझर मी खांद्यावर घेतला
तेव्हा त्या म्हणाल्या, हळू. गुरामनं टांगलेला आहे तो.
गुराम भिंतीवरच्या फोटोत होता,
ऑक्टोबरपासून.

नुगझार, माझे उस्ताद, कमी बोलतात.
बाथरूममध्ये जाऊन त्यांनी दार लावून घेतलं,
आतून आवाज आला, बद्री, मोज.
दोन मीटर बाय दीड. खिडकी नाही.
नवा इथे नाही बसायचा, ते म्हणाले.
पण जुना इथेच होता की! एकोणीस वर्षं!
एकोणीस वर्षं नशीब होतं, बाई.
नशिबाचं सर्व्हिसिंग करता येत नाही.

धुराड्याच्या तोंडाशी त्यांनी कागदाची पट्टी धरली.
पट्टी आत ओढली जायला हवी.
ती आमच्याकडे झुकली.

मी स्टुलावर चढलो.
छताजवळ जाळी, चार स्क्रू,
दोन रंगाखाली गाडले गेलेले.
जाळी निघाली आणि आतून
एक बाही लोंबली.
तपकिरी, लोकरीची, कोपरावर रफू.
मी ओढत गेलो. खांदा आला, गळा आला,
दुसरी बाही कुठेच अडली नाही,
आतून कुणी हात सोडवून देत असावं तशी.

थंडी यायची तिथून, बाई म्हणाल्या.
डिसेंबरात कोंबला. दुसरं जाड काही नव्हतं घरात.
मग बऱ्याच वेळाने, कुणी न विचारता,
हिवाळाभर डोकं दुखायचं. आंघोळीनंतर फार.
जिना चढताना पाय लटपटायचे.
मला वाटलं,
माणूस गेलं की असंच होत असेल.

नुगझारांनी टोपी काढली.
मग सावकाश सांगितलं,
ज्योतीला हवा पुरली नाही की जो वायू होतो
त्याला रंग नाही, वास नाही, पायरव नाही.
रक्तात शिरून तो श्वासाची जागा बळकावतो,
डोकं दुखवतो, झोप आणतो,
आणि थेट दुःखासारखा दिसतो.
हे शेवटचं ते नाही म्हणाले. मी म्हणतोय.

स्वयंपाकघराची बाहेरची भिंत फोडायला दुपार गेली.
तिबिलिसीच्या या जुन्या विटा, लाल भुगा चहात पडतो.
अंगणापलीकडच्या सज्जातून इझोल्दा ओरडल्या,
माझ्या खिडकीखाली धूर नको!
त्यांचं बरोबर होतं. एक मीटर सरकवलं,
पुन्हा भोक, पुन्हा भुगा.
नळी आधी सरळ वर, मगच बाहेर.
खाली वाऱ्यासाठी नवी जाळी.

सांध्यांवर ब्रशने साबणाचं पाणी.
पहिला गप्प. दुसरा गप्प.
तिसऱ्यावर एक बुडबुडा,
राईएवढा, मग वाटाण्याएवढा.
काडी ओढून गळती शोधणारे आहेत या शहरात,
नुगझार म्हणाले. म्हणजे, होते.
पाव आटा. पुन्हा फेस.
फेस नुसता वाळला.

ज्योत निळी पेटली.
तीन मिनिटं ते तिच्याकडे बघत उभे राहिले,
दूध उतू जाईल म्हणून उभं राहावं तसे.
पिवळी झाली की बंद करायचं आणि मला बोलवायचं.
रात्री दोनला असेल तरी.
पलंगाच्या उशाशी मी पांढरी डबी लावली,
वायू आला तर ओरडणारी.

हत्यारं भरत होतो तेव्हा पाहिलं,
बाईंनी स्वेटर घमेल्यात टाकला
आणि नवा नळ पूर्ण सोडला. वाफ.
माझी आई विणते, मला ठाऊक आहे.
बाई, लोकर आटते गरम पाण्यात!
आटू दे, त्या म्हणाल्या.

वर्षाने तपासणीला गेलो.
दार उघडलं तेव्हा तो त्यांच्या अंगात होता,
बाह्या बरोबर मनगटापाशी संपलेल्या.
कागदाची पट्टी त्यांनी आधीच फाडून ठेवली होती.
धुराड्याशी स्वतःच धरली.
ओढतंय, मला म्हणाल्या,
जणू मी शिकाऊ आणि त्या उस्ताद.

जाळीतून गार वारा येत होता.
त्यांनी गळ्याचं बटण लावलं.