जर्मनचं ताट

हलीमाबीच्या ताटाच्या बुडाला एक आकडा आहे.
ऐंशी वर्षं राखेनं घासून अर्धा गेलेला :
तीन, सात, मग बहुतेक आठ.
"लंबर लिख लेव बाबा," ती म्हणाली,
"थाली नक्को मांगो. इसीमें खाती मैं."

आमच्याकडे या धातूला जर्मन म्हणतात.
लढाई ज्यांच्याशी चालली होती त्यांचंच नाव
पडलेल्या पंखाच्या पत्र्याला मिळालं
आणि दगडू तांबटानं तो पौषभर ठोकला.
सहा ताटं, दोन चरव्या,
उरलेला तुकडा मुंजाच्या ओट्यावर, पावसाला आडोसा.

वाघुंडीच्या माळावर पडलं ते.
फसली तेराशे त्रेपन्न, सतरा बहमन, रात्री.
पंचनामा लाल रुमालात सापडला,
कसरीनं खाल्लेला, पण मधूनमधून.
माझी उर्दू मोडकी. वडील मुनसफीत कारकून होते, तेवढीच.
हुरड्यातली ज्वारी जळाली, दीड एकर.
भरपाई अकरा रुपये हाली.
एक बैल बिथरून विहिरीत.
मयत : तीन गोरे, एक काळा.

न्यूझीलंडहून एक बाई लिहितात.
गोऱ्यांतला एक त्यांचा मामा, नकाशे बघणारा, वय बावीस.
त्यांनी उपग्रहाच्या चित्रात जागा पाहिली :
चहूकडे पाणी, मधे तपकिरी ठिपका.
मामाला पोहता येत होतं, त्या लिहितात,
मग किनारा किती लांब होता?

तीन दिवस मी उत्तर खोडत बसलो.
बाई, तेव्हा बेट नव्हतं.
माणसं आधी मेली, पाणी नंतर आलं,
तीस वर्षांनी, धरण भरलं तेव्हा.
वाघुंडी उठली. माळ तेवढा वर राहिला.
तुमच्या मामाला सगळ्यात जवळचं पाणी
म्हणजे बैल पडला ती विहीर.

मे महिन्यात काशिनाथ लिंबोऱ्यानं
थर्माकोलच्या चप्पूवर बसवून नेलं.
वेड्या बाभळी, बगळ्यांची पांढरी घाण, तीन खड्डे.
साहेबाची माणसं येऊन गेली होती,
पोलीस ॲक्शनच्या आधी का नंतर, कुणाला आठवत नाही.
तीन पेट्या पुण्याकडं गेल्या.
चौथ्या जागी नुसते दगड रचलेत.
काशिनाथ तिथं चप्पल काढतो.
का, ते त्याला माहीत नाही. त्याचा बाप काढायचा.

चौथा बाईंच्या यादीत नाही.
फिटर असेल, रजेवर निघालेला,
कुणीतरी दया येऊन बसवून घेतलेला.
त्याच्यासाठी कुणी पत्रं लिहीत नाही.
वाघुंडीत म्हणे रात्रभर वाद झाला, पुरायचा का जाळायचा.
पण पटवाऱ्यानं समासात
त्याच्या हातावरचं गोंदण जसंच्या तसं उतरवलंय :
एक विंचू, आणि त्याच्याशेजारी गोल गोल काहीतरी,
जिलबी सांडावी तसं.
पुढं शेरा : लिपी नामालूम.

ते चित्र घेऊन नांदेडला गेलो,
चौफाळ्यात, पोशट्टी बिंगींकडे.
माग कधीच बंद पडला, आता इस्त्री करतात.
त्यांनी चष्मा पुसला, कागद उलटा धरला
(मी सहा महिने पाहत होतो तो सुलटा नव्हताच)
आणि एका दमात वाचलं : मल्लव्वा.

आई? बायको? बहीण?
"देवीचंपण असतं," बिंगी म्हणाले,
आणि कागदाकडं बघतच राहिले.
कुणाचा तरी सदरा करपला.

ताटाचा आकडा बाईंना कळवला. विमान तेच निघालं.
त्या रडल्या असाव्यात, अक्षरांवरून वाटलं.
फुलं ठेवायला पैसे पाठवू का, विचारतात.
मी लिहिलं, पैसे नकोत,
तुमच्या यादीत एक ओळ वाढवा.
नाव माहीत नाही. वय माहीत नाही. हुद्दा माहीत नाही.
मल्लव्वाचा कुणीतरी.

अजून उत्तर नाही.
धरण बेचाळीस टक्क्यांवर आहे.