डावखुरा

वडगावात हत्तरगींच्या शेडात आता माग नाहीत.
जमिनीत बोल्टांची भोकं तेवढी राहिलीत.
कॅरमच्या सोंगट्या घरंगळत जाऊन त्यांत अडकतात
आणि पोरं पोटावर पडून पिनेनं त्या उकरतात,
शिव्या कन्नडात, हसणं कुठल्या भाषेत ते सांगता येत नाही.

मी बुधवारी जातो, शनिवारी जातो.
अक्षरं शिकवतो.
फ्लेक्सच्या जमान्यात कोण शिकतंय, बायको विचारते.
तिला सांगतो, चहा फुकट मिळतो.

चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या मी या गावाच्या.
मराठीला वरून टांगायचं,
दोरीवर धोतर वाळत घालावं तसं.
कन्नडच्या डोक्यावर तलेकट्टु.
माझा उस्ताद मौलासाब म्हणायचा,
फेटा आहे तो, वाकडा बसला तर नवरदेव रुसतो.

त्या डिसेंबरात एका रात्रीत
माझ्या अकरा पाट्या काळ्या झाल्या.
सहा ह्यांनी केल्या, पाच त्यांनी.
सकाळी रॉकेल घेऊन चोळत बसलो.
डांबराखाली माझंच अक्षर,
बुडालेल्या माणसासारखं हळूहळू वर येत होतं.

आणि मेडिकलच्या पाटीवर दिसलं मला:
फटकारा उजवीकडून सुरू झालेला,
शेवटी मनगट उचलून सोडलेला,
जशी वेलांटी सोडतात.
कुणाचा तरी चांगला हात वाया चालला होता.
पोलीस नावं विचारत हिंडत होते.
मला नाव ठाऊक नव्हतं.

सिद्राय गेल्या वर्षी आला, अक्षरांसाठी नव्हे.
समन्स कन्नडात येतं,
स्वतःचं आरोपपत्र स्वतः वाचायचं होतं त्याला.
विद्याश्रीनं शिकवलं.
तिच्या बापाच्या खानावळीची काच त्याच आठवड्यात फुटली होती,
ते तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं,
मग वही उघडली.
त्यानं लावून लावून वाचलेला पहिला शब्द, आरोपी.
हे तर आपलंच आहे की, म्हणाला.
दोन्हीकडं तेच, ती म्हणाली, पुढचं वाच.

केस दगडफेकीची.
तेव्हा तो कट्ट्यावर बसला होता, असं तो म्हणतो.
लष्करभरतीत धावण्यात तिसरा आलेला पोरगा,
दाखल्यावर पोलिसाची सही नाही म्हणून परत.
मग पुढची भरती. मग वय गेलं.
तारीख अजून येते, दर दोन महिन्यांनी,
लाईटच्या बिलासारखी.

डांबराचं कुणी कधी विचारलं नाही त्याला.

केंद्राला पाटी नाही.
आठ बाय चारचा पत्रा आहे, प्रायमरचे दोन हात मारलेला.
वर कुठली लिपी, यावर तीन मीटिंगा झाल्या,
तिसरीत हुद्दारबाई रडल्या.
तेव्हापासून तो दोन बाकांवर आडवा आहे,
मधे विटांची ओळ लावून पोरं टेबल टेनिस खेळतात.
प्रायमरवर चेंडूचे डाग.

परवाच्या शनिवारी लाईट गेली.
मोबाईलच्या उजेडात सिद्रायनं रद्दीवर ब्रश टेकवला,
डाव्या हातानं, उजवीकडून,
आणि शेवटाला मनगट उचललं.

मी चष्मा काढला. पुसला. घातला.

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.
ब्रशाच्या केसांकडं बघत म्हणाला,
लई चोळाय लागलं असंल न्हवं मामा, त्यावेळी?

कधी, म्हटलं.

शेडाच्या पलीकडच्या अंगाला
अंधारातच कुणीतरी सर्व्हिस केली,
चेंडू विटेवर आपटला, कुणी ओरडलं, ऐदु-चार!
आणि कुणी ओरडलं, खोटं, पाच-पाच!

ब्रश धू, म्हटलं मी. मुळापर्यंत.
डबा तिथंच आहे, दारामागं.

तो उठला.
बराच वेळ धूत होता.