हवा वर जाते

चेसिस येझदीची, इंजिन बुलेटचं,
मागचं चाक भंगारातल्या पल्सरचं.
गोधनीच्या पोल्ट्रीवाल्या झाडेंची ही गाडी
बारा गावचं पाणी पिऊन
पाचपावलीत माझ्या शेडमध्ये उभी होती.
पळायची सगळी तयारी होती तिची.
मागून थांबायचं तेवढं राहिलं होतं.

मे महिना. पाना उन्हात विसरला
तर फडक्यात धरून उचलावा लागतो.
कूलरची टाकी दुपारी दोनदा भरायची
आणि वाळ्याच्या वासात ब्रेक ऑइल मिसळायचं.

संत्रा बर्फीच्या रिकाम्या डब्याचं पुठ्ठं कापून
आधी ब्रॅकेटचा आकार काढला.
मग इतवारीतून आठ एमएमची प्लेट,
कापली, भोकं पाडली, कानशीने काठ मारले.
बसली तर अशी की मीच दोन पावलं मागे सरून पाहिलं.
मग चेन ताणायला एक्सल मागे घेतला.
चाक सरकलं, ब्रॅकेट तिथंच,
डिस्क जाऊन कॅलिपरला घासली.

दुसरी प्लेट. दुसरे साडेतीनशे रुपये.
या खेपेला ब्रॅकेट एक्सलमध्येच ओवलं
आणि एका दांडीने स्विंगआर्मला बांधलं,
कारण ब्रेक दाबला की
कॅलिपरलाही चाकासोबत गरगर फिरायचं असतं.
हे पुठ्ठ्यावर दिसत नाही.

राहिली हवा काढायची.
त्याला दोन माणसं लागतात,
एक पेडलवर, एक निपलपाशी.

हेडाऊ आणि मी अकरा वर्षं एकाच गल्ल्यात हात घातला.
मग कॉम्प्रेसरवरून भांडलो.
कॉम्प्रेसर त्याने नेला, बोर्ड मी ठेवला,
मधे प्लायवूड.
बोर्डावरच्या त्याच्या नावावर मी ग्रीस फासलं होतं.
या उन्हाळ्यात ते वितळून खाली ओघळलं,
आता त्याचं नाव माझ्यापेक्षा स्वच्छ दिसतं.

तीन रात्री एकट्याने केलं.
पेडल दाबायचं, जुन्या ट्यूबने बांधायचं,
पळत मागे जायचं, निपल सोडायचं, आवळायचं,
पुन्हा पुढे.
पेडल तरी भिजल्या पोह्यांसारखं.

चौथ्या रात्री प्लायवूडपलीकडून आवाज आला,
"एकट्यानं नाही निघत बे ते."
मी काही बोललो नाही.
तो वळसा घालून आला, स्टूल ओढलं,
उजवा हात पेडलवर ठेवला.

दाब.
धर.
सोड.

दोन वर्षांत आम्ही तेवढंच बोललो,
आणि तेही सगळं मीच.
दाब. धर. सोड.
वीस वेळा, पंचवीस वेळा.
मग तो उठला, मोबाईलची बॅटरी पाडून
चाकाखाली वाकून बघत राहिला.
"निपल खाली ठेवलं ना तू.
हवा वर जाते बाप्पा.
तुह्यासाठी खाली येईन काय?"

अकरा वर्षांत हा माणूस
एकदाही हळू आवाजात चूक सांगू शकला नाही.
पण चूक होती.

त्याने खिशातून आठ नंबरचा पाना काढला.
आम्ही कॅलिपर खोलून उलटा केला,
तारेने सीटच्या नळीला टांगला,
पॅडच्या मधे फळीचा तुकडा.
आता निपल वर, आढ्याकडे तोंड करून.
दाब, मी म्हणालो. धर.
सलाईनच्या नळीत साबुदाण्याएवढा बुडबुडा,
मग मोहरीएवढे तीन,
मग एक, जो आहे की नाही यावर
आम्ही दोघं क्षणभर भांडणार होतो.
मग नुसतं तेल.

पेडल दगड.

रात्री साडेबाराला गल्लीत फेरी मारली.
पिठाच्या गिरणीपाशी नुसता पाय टेकवला,
मागचं चाक चर्रकन घासून उभं राहिलं.
तिन्ही कुत्री उठली, एका खिडकीतून शिवी आली.
वळून पाहिलं तर हेडाऊ शेडच्या तोंडाशी उभा,
लुंगीला हात पुसत,
चाकाकडे बघत होता, माझ्याकडे नाही.
मी गाडी ढकलत परत आणेपर्यंत
त्याचं शटर खाली आलं होतं.

झाडेंनी गाडी नेली, उरलेले पैसे पुढच्या महिन्यात म्हणाले.
आठ नंबरचा पाना माझ्या बाकावर आहे.
तो मागायला आलेला नाही.
मीही नेऊन दिलेला नाही.
दुपारी त्याचा कॉम्प्रेसर सुरू झाला
की बाकावर तो जरासा थरथरतो.