गुरुवारची चौकट

तिसऱ्या आठवड्यात मी लेबल उलटं चिकटवलं
एका म्हाताऱ्याच्या रक्ताच्या नळीवर.
ढोबळे मॅडमनं पाहिलं, बोलली काही नाही,
पायानंच स्टूल सरकवलं माझ्याकडे.

घरी फ्रीजवर कागद आहे,
उईके सरांच्या तिरप्या अक्षरातला.
सोम पोहणे. मंगळ सायकल. बुध धावणे, हळू
(हळूखाली दोन रेघा).
गुरुवारची चौकट कोरी.
मला वाटलं, विसरले असतील सर, वय झालं त्यांचं.
म्हणून गुरुवारी मी आपल्या मनानं
सेमिनरी हिल्सचा चढ दोनदा केला.

वय माझंही झालंच आहे. चव्वेचाळीस.
पहाटे साडेचारला कूलर बंद केला
की घरात जी शांतता पडते
तिच्यात माझे गुडघे ऐकू येतात.
तलावावर लेडीज बॅचच्या पोरी
मासोळ्यांसारख्या वळतात भिंतीशी,
मी भिंत धरून उभी असते,
कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखी.
संध्याकाळी भाकरी तव्यावर करपते
आणि मी तव्यासमोर उभी असते.
नवरा विचारतो, "यात काही भेटते तरी का?"
"पदक," मी म्हणते. "सगळ्यांनाच देतात."

थकवा म्हणजे काय ते मला कळायला हवं होतं.
वीस वर्षं तोच तर मोजते मी
मेडिकलच्या खिडकीमागे बसून,
दुसऱ्यांच्या दंडाला रबर बांधून,
"मूठ आवळा, बाई. सोडा आता."
सोडा म्हणायची सवय आहे. सोडायची नाही.

मार्चमधला रविवार. अमरावती रोड.
वाडीच्या ट्रकांची रांग संपली, पळस सुरू झाले,
आणि बाजारगावच्या अलीकडे सायकलची चेन उतरली.
चेन चढवायला दोन मिनिटं लागतात.
मी रस्त्याकडेला बसून रडले, वीस मिनिटं तरी,
काळे हात मांडीवर ठेवून.
समोरच्या टपरीतली बाई
रश्शाचं भगोनं तसंच सोडून आली.
"पडल्या का जी?"
"नाही हो. थकून राहिली मी."
"मंग बसा ना. कोण हाकलून राहिलं तुम्हाले?"

तिच्या बाकावर मी तर्री-पोहे खाल्ले, दोन प्लेट,
आणि आठवून पाहिलं
कोण हाकलून राहिलं.
एकही नाव आठवेना.

सोमवारी ढोबळे मॅडमसमोर हात ठेवला.
मूठ आवळली. सोडली.
नळीवरचं लेबल मीच लिहिलं, सरळ.
दुपारी कागद आला:
हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक चार,
लोहाचा साठा तळाला.
लाज वाटली आधी,
गवंड्याच्या घराला ओल यावी तशी.
मग बरंही वाटलं.
म्हणजे मी आळशी नव्हते तर.

सरांनी चष्मा वर करून कागद वाचला.
पुष्कळ वेळ वाचला.
"गुरुवार मी विसरलो नव्हतो, ताई,"
एवढंच म्हणाले,
आणि बुधवारच्या हळूखाली
तिसरी रेघ मारली.

आता गोळी घेते जेवणाआधी,
वर मृग बहारातलं शेवटचं संत्रं,
साल वाळून चामड्यासारखी झालेली,
आत मात्र रस धरून बसलेलं.
साडेनवाला दिवा बंद. सिरियल नाही, फोन नाही.
धावताना शेजारचीशी बोलता आलं पाहिजे
हा नियम. म्हणून बोलते, भाजीचे भाव, काहीबाही.
दम लागला की भाव अर्ध्यात सुटतो
आणि आम्ही दोघी चालायला लागतो.

थकवा गेला नाही, खोटं कशाला सांगू.
शुक्रवारी तलावाच्या त्या टोकाला
तो माझ्याआधी पोचलेला असतो.
पण हल्ली तो बाजूला सरकून
भिंतीवर हात ठेवायला जागा देतो.

आणि गुरुवार.
ऊन पडद्यातून पायापर्यंत येईस्तोवर झोपते.
काल उठून फ्रीजपाशी गेले,
कोऱ्या चौकटीत निदान "झोपले" असं लिहावं म्हणून
पेन उघडलं,
थोडा वेळ तशीच उभी राहिले
आणि टोपण लावून टाकलं.