भिंतीला विचारून

रात्रपाळी उतरून मी झोपायला जाते
तेव्हा परभणी तापायला लागलेली असते.
उशी उलटी केली तरी खालची बाजूही गरम.
कूलरला पाणी हवं, आणि नळ नवव्या दिवशी.
म्हणून हप्त्यावर एसी घेतला, दीड टनाचा,
पावती पर्समध्ये ठेवताना आठवलं,
भिंत आपली नाही.

अकरा महिन्यांचा करार, कलम सात:
खिळासुद्धा विचारून.
आणि हे तर तीन इंच भोक.

मुंजाजीराव पाटबंधाऱ्यातून रिटायर झालेले,
मोजल्याशिवाय बोलत नाहीत.
आधी भिंतीला टेप लावला, मग माझ्याकडे बघितलं.
"मीटरवर लोड येतो. जाताना बुजवून द्यायचं.
डिपॉझिटातले दोन हजार तोवर बाजूला."
जिन्यातून काकू म्हणाल्या,
"झोपू द्या की तिला.
रातभर दुसऱ्याचे लेकरं सांभाळायली ती."

खरं तर सांभाळत नाही, मी ऊब देते.
काचेखाली नऊशे ग्रॅमचा जीव,
अर्धा अंश उतरला की वहीत नोंद,
पायमोजे, टोपी, पुन्हा हात लावून बघणं.
घरी येऊन मी स्वतःसाठी गारवा मागत होते.

मानवतहून इर्शाद आला, कानावर पेन्सिल.
ड्रिल लागलं तशी गल्ली दारात आली.
विटेची भुकटी केसांत, दोरीवरच्या पांढऱ्या साडीवर,
आणि एकदम आवाज बदलून
भिंतीचा गोल तुकडा त्याच्या तळहातावर पडला,
भाकरीएवढा गरम.

तोंडाशी रंगांचे पापुद्रे:
वरचा पिस्ता माझ्या वेळचा, खाली आकाशी,
त्याखाली गुलाबी, मग नुसता चुना.
काकूंनी नखानं गुलाबी खरवडला.
"शकूच्या बाळंतपणाला दिलता.
पाळणा इथंच होता, तुझं मशीन लागायलंय तिथं."
पुढे काही विचारावं
तर त्या कुरडया बघायला गच्चीवर गेलेल्या.

तो उन्हाळा मी सव्वीसवर झोपले.
माझ्या खोलीतली गरमी मागच्या बाजूनं बाहेर पडायची
आणि काकूंच्या कुरडया दुपारपर्यंत खडखडीत.
मुंजाजीराव रोज संध्याकाळी मीटर वाचायचे,
बोलायचे नाहीत.
तुकडा मी दाराला अडकण म्हणून लावला.

दिवाळीनंतर हिंगोलीची बदली.
इर्शादनं गॅस मशीनमध्ये ओढून घेतला, पाइप गुंडाळला.
भोकातून मागच्या घरचा नळ दिसत होता.
तुकडा परत बसवून बघितला,
बसला नाही, कड ड्रिलनं खाल्लेली.
मी पांढरा सिमेंट कालवायला घेतला
तर मुंजाजीराव दोन हजार मोजत म्हणाले,
"राहू द्या. पुढच्याला लागंल."

काकू काही म्हणाल्या नाहीत.
तुकडा उचलला, पदरानं पुसला, खाली गेल्या.

हिंगोलीत मशीन अजून खोक्यात आहे.
मालकाला विचारायचंय.
दार आपटतं.