किलोमीटर ३२७

रात्रभर वाळू चालत आली.
सकाळी एक रूळ दिसत होता, दुसरा नव्हता.
म्बारेकनं थुंकून फावडं उचललं,
आणि आम्ही सहाजण कालच्याच जागी
कालचंच काम नव्यानं धरलं.

वाळू फेकायची ती वारा जातो तिकडं.
नवखा पोरगा उलटी फेकतो, दिवसभर डोळे चोळतो.
कुणी सांगत नाही त्याला.
मलाही नव्हतं सांगितलं.

गाडी येते ती आधी तळव्यांत येते,
मग फावड्याच्या दांड्यात.
आम्ही बाजूला होतो, तोंडावर फडकं ओढतो.
दोनशे डबे लोखंडी दगड, समुद्राकडं.
मोजायला घेतो मी,
एकशे चाळीसच्या आसपास दरवेळी चुकतो.
पण त्याआधी, इंजिनाच्या खिडकीतून
एक हात बाहेर येतो.
डावा. कोपरात जरा वाकलेला.
अकरा वर्षं मी त्या हाताला हात करतोय.
माझ्या बायकोलाही तो हात माहीत आहे.

गेल्या मंगळवारी कपलिंग तुटलं.
मागचे डबे कुठंतरी मागंच राहिले,
इंजिन आमच्यापाशी थांबलं
आणि शिडीवरून एक ठेंगणा माणूस उतरला,
गाल सुजलेला,
कुणाकडं लवंग आहे का विचारत.

येरो त्याचं नाव. नदीकाठचा, कायेदीचा.
लवंग नव्हती. चहा होता.
न दुखणाऱ्या बाजूनं तो चहा प्यायला
आणि म्हणाला,
एक विचारू?
तुम्ही लोक चालत्या गाडीला हात का करता?
मला वाटतं, पुढं रूळ बुजलाय,
थांब म्हणताय.
पोटात गोळा येतो दरवेळी.
मी हात काढून विचारतो, काय झालं?
तुम्ही नुसते हसता.

म्बारेक हसून हसून खोकायला लागला.
मी पेला वाळूनं घासत बसलो,
स्वच्छ होता तरी.

शुक्रवारी तळव्यांत गाडी आली.
मी दोन्ही हातांनी फावडं घट्ट धरलं.
अकरा वर्षांत पहिल्यांदा मोकळा हात नव्हता मला.
इंजिन आलं,
खिडकीतून हात बाहेर आला.
डावा. कोपरात वाकलेला.
मग त्यातलं एक बोट गालाकडं गेलं.

दाढ काढली म्हणतोय
की अजून ठणकतेय,
कळायच्या आत
दोनशे डबे मध्ये आले.